पलीकडचं टोक

१

जिल्ह्याचं नाव बदललं. एसटीच्या पाट्या बदलल्या, शाळांच्या कमानी रंगल्या, दुकानदारांनी सवडीनं आपापले बोर्ड नवे करून घेतले, आणि सगळं आटोपल्यावर, भलत्याच उशिरा, संघप्रियाच्या कंपनीला जाग आली.

ही कंपनी गावोगावच्या ग्रामपंचायतींना, शाळांना आणि पतसंस्थांना फायबरच्या वायरीतून इंटरनेट पुरवायची. अशा प्रत्येक जोडणीला सर्किट म्हणतात, आणि प्रत्येक सर्किटला ठरलेल्या पद्धतीनं नाव असतं. आधी जिल्हा, मग अलीकडचं टोक, मग पलीकडचं टोक आणि शेवटी क्रमांक. जुन्या नावांत जिल्हा उस्मानाबाद होता. पुण्याहून हुकूम सुटला की सगळीकडे धाराशिव करा. संगणकात करा आणि प्रत्येक वायरीला चिकटवलेली चिठ्ठीही बदला. हुकूम सोडायला काय जातंय! उन्हातान्हात जिल्हाभर फिरून चिठ्ठ्या चिकटवणार कोण, तर संघप्रिया. मुलगी इंजिनिअर झाली म्हणून तिच्या वडिलांनी नळदुर्गला अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. ती इंजिनिअर मुलगी आता कंत्राटावर होती आणि उन्हाळा लागल्यापासून वायरींना चिठ्ठ्या डकवत होती.

काम सरळ असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण एकही नाव पद्धतीत बसत नव्हतं. आजवर ज्या ज्या माणसानं वायर जोडली, त्यानं आपल्या सोयीची चिठ्ठी लावून ठेवली होती. तुळजापुरात 'लॉजच्या मागची' आणि 'पुजारीकाका, वरचा मजला'. सोनारीत 'देवळाकडं जाणारी', आणि तिच्या शेजारच्या वायरीवर नुसतंच 'विचारल्याशिवाय काढू नये'. कुणाला विचारायचं, ते लिहायची तसदी कुणी घेतली नव्हती. संघप्रिया दातओठ खात एकेका वायरीचं खरं टोक शोधायची, नवी चिठ्ठी छापायची, चिकटवायची आणि पुढच्या वायरीला लागायची.

मुरुम हे शेवटचं ठिकाण. आडत बाजाराच्या मागं, तुरीच्या गोदामाला लागून कंपनीची खोली होती. आत दोन उंच कपाटं, वायरींचे झुबके, बंद पडलेला एसी आणि बारा महिने तुरीचा वास. तिथला तंत्रज्ञ व्यंकट. वय पंचेचाळिशीचं, अंगानं सुटलेला आणि तोंडानं त्याहून मोकळा. कुठलंही यंत्र बंद करून चालू केलं की नीट होतं, एवढ्या एका ज्ञानावर त्यानं निम्मी नोकरी काढली होती. पण माणूस मायेचा. खोलीजवळ बायकांची कसलीच सोय नाही हे बघून पहिल्याच दिवशी तो तिला घरी घेऊन गेला, आणि तेव्हापासून त्याची बायको चांगुणा तिला धाकट्या बहिणीसारखं वागवायला लागली. जिल्ह्यात संघप्रियानं कुणावर डाफरायचं बाकी ठेवलं नव्हतं, पण व्यंकटवर तिचा आवाज कधी चढला नव्हता.

मुरुमच्या सगळ्या वायरी झाल्या. एक राहिली. दुसऱ्या कपाटाच्या अगदी तळाशी, मागच्या बाजूला. पिवळी, इतरांसारखीच. तिला चिठ्ठी नव्हती. सोय म्हणून लावलेली नव्हती, फाटलेली नव्हती, डिंकाचा डागसुद्धा नव्हता. आणि तिच्या शेजारचे दोन्ही हिरवे दिवे लुकलुकत होते, म्हणजे त्या वायरीतून काहीतरी जात होतं आणि काहीतरी येत होतं.

२

संगणकात बघितलं तर अलीकडचं टोक मुरुम आणि पलीकडचा रकाना कोरा.

"असंल कुण्या तरी शाळंची," व्यंकट म्हणाला. "मीटर लावून बघू की."

त्या मीटरमधून वायरीत प्रकाश सोडला की तो पलीकडच्या टोकावर आपटून परत येतो. पडद्यावर एक रेष उतरत जाते आणि टोक आलं की टुणकन उडी मारून खाली पडते. त्यावरून टोक किती लांब ते कळतं. व्यंकटनं वायर काढून मीटरला लावली. रेष उतरायला लागली. उतरत उतरत पडद्याच्या कडेला गेली आणि कडेबाहेर गेली. उडी नाही, पडणं नाही. संघप्रियानं मीटरचं अंतर वाढवलं, पुन्हा वाढवलं, होतं तेवढं वाढवलं. रेष आपली त्याच संथ उतारानं पडद्याबाहेर.

"मीटर बाद झालंय," व्यंकट म्हणाला आणि मीटरला थापटी मारली.

शेजारची आलूरची वायर लावून बघितली. तिचं टोक व्यवस्थित दिसलं. पुन्हा ही लावली. पुन्हा तेच. संघप्रियाला भीतीबिती काही वाटली नाही. तिला संताप आला. वायर म्हटली की तिला दोन टोकं असतात. याहून साधी गोष्ट जगात नाही. बिघाड मीटरमध्ये असणार किंवा वायर तुटून कुठंतरी विचित्र लोंबकळत असणार. पण तुटलेल्या वायरीचे दिवे लागत नाहीत, एवढंही तिला कळत होतं, आणि म्हणून ती जास्तच चिडली.

लाइनवाल्यांची अशा वेळची एक रीत आहे. वायर काढून ठेवायची आणि कोण बोंबलतंय ते बघायचं. ज्याचं बंद पडतं तो फोन करतोच. व्यंकटनं वायर काढून ठेवली. दोघांनी गाड्यावर चहा घेतला, व्यंकटनं भजी खाल्ली, मग घरी जाऊन जेवणंही झाली. फोन आला नाही. ऊन कलल्यावर व्यंकटनं वायर परत लावली. नेहमी दिवा लागायला थोडा वेळ जातो. वायर पुरती आत बसायच्या आधीच दोन्ही दिवे लागले.

तेवढ्यात पुण्याच्या रणधीरसरांचा फोन. हे तिचे वरिष्ठ. त्यांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी 'शून्य' यायचं, म्हणजे बाकी शून्य.

"मुरुमचं शून्य कधी होणार?"

"सर, एका सर्किटला पलीकडचं टोकच सापडत नाहीये."

"असं कसं? रकाना कोरा राहिला तर सिस्टिम पुढं सरकत नाही, माहितीये ना?"

"तेच सांगते आहे, सर."

"मग भर."

"काय भरू?"

"जे असेल ते भर. जागेवर तू आहेस का मी?"

आणि फोन ठेवला. संघप्रियाचं डोकं सणकलं. जे असेल ते! खिडकीबाहेर एक कडुलिंबाचं झाड होतं. या भागात, कर्नाटकच्या अंगाला, नावाच्या शेवटी 'जळगा' असलेली गावं पुष्कळ. तिनं रागारागानं रकान्यात 'निमजळगा' असं ठोकून दिलं. सिस्टिमनं मुकाट्यानं घेतलं. चिठ्ठी छापून आली, ती तिनं वायरीला गुंडाळली, आणि पडद्यावर मुरुमसमोर शून्य उमटलं.

"घावलं व्हय नाव?" व्यंकटनं विचारलं.

"जुन्या माहितीत होतं," ती म्हणाली. थाप होती, पण दिवसभराच्या वैतागापुढं तिला ती फारशी टोचली नाही.

३

त्याच आठवड्यात एका सकाळी, उमरग्याच्या भाड्याच्या खोलीत ती पोहे खात असताना तक्रार विभागातल्या हर्षालीचा फोन आला.

"ताई, निमजळग्याची तक्रार आहे. तुझ्या नावावर टाकू ना?"

घास तोंडातच राहिला. "कुठली?"

"निमजळगा गं. मुरुमकडचं. सर्किटचा नंबर बरोबर सांगितला त्यांनी. मध्ये एक दुपार लाइन बंद होती, कशामुळं बंद केली ते सांगा म्हणाले."

"कोण बोलत होतं?"

"नाव नाही सांगितलं. मागं पिठाच्या गिरणीचा आवाज येत होता. बोलणं एकदम शांत. नाहीतर लोक कसे अंगावर येतात! घाई नाही म्हणाले. माणूस पाठवा, एवढंच."

संघप्रियानं पोहे बाजूला सारले आणि डोकं चालवायला घेतलं. कुणी थट्टा करत असेल? पण ते नाव तिच्याशिवाय फक्त सिस्टिमला आणि त्या चिठ्ठीला ठाऊक. मग अशा नावाचं गाव खरंच असेल. लहानपणी कधीतरी एसटीच्या पाटीवर वाचलं असेल आणि तेच बोटांतून उतरलं असेल. हा विचार तिला फार आवडला. तो तिनं नकाशा उघडेपर्यंत टिकला. नकाशात निमजळगा नव्हतं. पण नकाशात सगळ्या वाड्या-वस्त्या कुठं असतात, असं म्हणून तिनं नकाशा मिटला.

मुरुमला गेल्यावर तिनं व्यंकटला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"निमजळगा? हाय की!" तो म्हणाला. "आलूरच्या रस्त्यानं म्होरं."

"तुम्ही गेलाय कधी?"

"जायाचं काम पडलं न्हाय. आमच्या चांगुणाची लांबची मावशी तिथलीच."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हंजे? जन्मली तवापासून!" तो खदखदून हसला. "तुमी बी काय इचारायलाव मॅडम."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. दादा, ते नाव मी खिडकीतल्या झाडावरून बनवलं, असं. पण खोटी माहिती भरली हे पुण्याला कळलं असतं तर कंत्राट गेलं असतं. आणि शिवाय मावशी होती. ज्या गावात चांगुणाची मावशी राहते, ते गाव नाही असं कोणत्या तोंडानं म्हणणार? व्यंकटनं हत्यारांची पिशवी मोटारसायकलला अडकवली, तिच्याकडून चिठ्ठ्यांची दोन भेंडोळी घेतली आणि भर सकाळच्या लख्ख उन्हात तो निमजळग्याला निघाला.

४

दुपारी त्याचा फोन आला.

"पोचलो मॅडम. रस्ता एक नंबर! खड्डा म्हणून न्हाय."

आपल्याकडं खड्डा नसलेला रस्ता म्हटल्यावरच खरं तर अंगावर काटा यायला हवा.

"माणसं भेटली का?"

"भेटतील की. दारं उघडी हायत समद्यांची. गिरण चालू हाय. रानात गेली असतील माणसं."

गिरणीचा आवाज तिलाही ऐकू येत होता. एकसुरी. गिरणीत धान्य पडतं तेव्हा आवाज बदलतो, जड होतो. हा बदलत नव्हता. ती रिकामीच फिरत होती.

"आपलं यंत्र सापडलं?"

"सापडलं. खोली लई स्वच्छ हाय. पर मॅडम, हितं एकच वायर न्हाय ओ. भिंती दिसंनात वायरींनी. आन् एकीला बी चिठ्ठी न्हाय! कुण्या येड्यानं जोडल्यात काय की."

संघप्रिया घाईनं म्हणाली, "दादा, हात लावू नका कशाला. परत या. ऐका, ते नाव मीच ठोकून दिलं होतं. असं गावच नाही."

पलीकडं व्यंकट हसला, पण नेहमीसारखा खदखदून नाही.

"कुणी ठेवल्याबिगर नाव असतंय व्हय मॅडम? ठेवलं, बरं झालं. लई दिवस वाट बघायले होते म्हणं."

"कोण? कोण वाट बघत होतं?"

"येतो की. एवढ्या चिठ्ठ्या लावतो आन् येतो."

५

तो त्या दिवशी आला नाही आणि नंतरही आला नाही. संघप्रियाचा जीव टांगणीला लागला, आणि जगात दुसऱ्या कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. यापेक्षा मोठा छळ नाही.

चांगुणा निवांत होती. "रोज फोन येतोय की ओ त्यांचा. काम लई हाय म्हणले. मावशीकडं जेवत असतील."

"मावशीशी बोलणं झालं तुमचं?"

चांगुणा विचारात पडली. "मावशीचं नाव काय बरं," ती स्वतःशीच म्हणाली आणि मग आठवायचं सोडून तिनं चुलीकडं बघितलं, दूध उतू चाललं होतं.

रणधीरसरांना फोन केला. ते म्हणाले, "हरवलाय म्हणजे? हजेरी रोज लागतेय त्याची. मोबाइलवर दिसतंय ना, साइटवर हजर. उलट काल तुझीच अर्धी लागली आहे, ते बघ जरा." पोलिसांकडं जावं तर तक्रार काय द्यायची? माणूस फोन उचलतो, बायकोशी बोलतो, हजेरी लावतो, आणि हरवलाय. कपाळ बडवून घ्यावंसं वाटायचं तिला.

आणि रोज तिला व्यंकटचा फोन यायचा. चिठ्ठीवर काय लिहायचं हे विचारायला. आधी साध्या शंका होत्या. तुळजापूरचं टोक कसं लिहायचं, सोनारी परंड्यात का भूममध्ये. मग एकदा त्यानं विचारलं, "मॅडम, आपलं टोक काय लिवू?"

"मुरुम लिहा ना."

"काय म्हणलाव?"

"मुरुम. तुमचं गाव, दादा!"

"अस्सं. एकेक अक्षर सांगा. लिवून घेतो."

तिनं एकेक अक्षर सांगितलं. तो प्रत्येक अक्षर तिच्यामागं म्हणत गेला, नवी भाषा शिकल्यासारखा. फोन ठेवला. तिनं स्कूटर काढली आणि आलूरचा रस्ता धरला.

दोन्हीकडं सोयाबीन गुडघ्याला आलेलं. पहिल्या फाट्यावर शेरडं राखणारा एक म्हातारा होता. निमजळगा विचारल्यावर त्यानं काठी पुढं केली. "व्हय, म्होरं हाय. सरळ जावा." पुढं हातपंपावर एक बाई. "न्हाय लांब आता, थोडं म्होरं." त्याच्या पुढं टेम्पोवाला. "आत्ताच तिथून आलो की. म्होरं." कुणी अडखळलं नाही, कुणी दुसऱ्याला विचारलं नाही. रस्त्यात खड्डे होते. तिला त्या खड्ड्यांचा आधार वाटत होता. मग एका वळणानंतर चाकाखालचे हादरे थांबले. रस्ता गुळगुळीत झाला. समोर झाडांमागं काही घरं असावीत, आणि वाऱ्यावर गिरणीचा आवाज आला.

तिनं वेग वाढवला. झाडं मागं गेली. समोर ओळखीचा तुरीचा वास, पोत्यांच्या थप्प्या आणि कंपनीच्या खोलीचं दार. ती मुरुमच्या आडत बाजारात उभी होती. एकाही ठिकाणी वळली नव्हती. रस्ता चुकला असेल, डोक्यात ऊन गेलं असेल, तिनं स्वतःला सांगितलं. गिरणी तर मुरुमातही आहेच की. मग ती स्कूटरवर बसल्या बसल्याच रडली, दुःखानं कमी आणि रागानं जास्त.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी रणधीरसरांचा पारा चढलेला.

"निमजळगा हे गाव सरकारी यादीत नाही. काय भरून ठेवलंयस तू? आज तपासणी आहे. दुपारपर्यंत ते सर्किटच नावासकट काढून टाकतोय मी."

"सर, नका काढू! व्यंकट तिथं आहे."

"कुठं?"

"निमजळग्याला."

"जे गाव नाही, तिथं?" त्यांनी सुस्कारा टाकला. "संघप्रिया, तू स्वतः तरी ऐकतेयस का काय बोलतेयस?"

ऐकत होती ना! तीच तर सगळी पंचाईत होती. तिनं विनवण्या केल्या, आवाज चढवला, शेवटी "माझं कंत्राट काढा, पण नावाला हात लावू नका" असंही म्हणाली. ते म्हणाले, त्यालाच फोन करून सांग ना परत यायला. आणि ठेवला.

कंपनीच्या खोलीच्या दारात चांगुणा उभी होती. हातात फडक्यात बांधलेला डबा.

"ताई, मला गाडीवर सोडता का निमजळग्याला? ह्यांनी बोलावलंय. म्हणले, भूक लागलीया, पर काय खात होतो ते ध्यानात येईना."

"कुठं जायचं नाही," संघप्रिया म्हणाली. तिनं चांगुणाला आत ओढलं, स्टुलावर बसवलं आणि व्यंकटला फोन लावला. या वेळी व्हिडिओचा. लागला.

चित्र तुटत होतं. व्यंकटचा चेहरा दिसला, घामानं डबडबलेला, डोळे जागरणाचे. त्याच्या मागं छतापासून खालपर्यंत पिवळ्या वायरी लोंबत होत्या, वाळत घातलेल्या शेवयांसारख्या, जिथवर नजर जाईल तिथवर. आणि आता प्रत्येकीला चिठ्ठी होती.

"दादा, ऐका. निघा तिथून. गाडी राहू द्या, पिशवी राहू द्या. चालत निघा. रस्ता इकडंच येतो, मी बघितलाय."

"संपत आलंय," तो म्हणाला. "आता हीच बाजू ऱ्हायली."

"कुठली बाजू?"

"ही. तुमची."

त्याच्या मागं, वायरींच्या आत, एक हात हलला. वायरींमधून पुढं आला, सावकाश एक वायर बाजूला केली, तिच्यावरची चिठ्ठी बोटांनी चाचपली आणि पुढच्या वायरीवर गेला. आणखी खाली दुसरा हात होता. त्यांना घाई नव्हती. आंधळा माणूस ओळखीची वस्तू शोधतो तसे ते चाचपत होते.

"दादा, तुमच्या मागं कोण आहे?"

तो वळलाच नाही. "हेच की. एकेक नाव इचारत्यात. म्या सांगतो." मग त्यानं पडद्याकडं निरखून बघितलं, संघप्रियाच्या खांद्यावरून, मागं स्टुलाकडं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी चमकून गेलं. "ही बाई," तो हळू म्हणाला, "हिचं नाव सांगू नगा ह्यांना. मला बी सांगू नगा."

"आवो!" चांगुणा धावत पुढं आली. "आवो, म्या हाय, म्या..."

संघप्रियानं तिच्या तोंडावर हात दाबला. पडद्यावरचे हात थांबले होते. दोन्ही. ऐकत असल्यासारखे.

तेवढ्यात फोन थरथरला आणि वर रणधीरसरांचा निरोप सरकला. काढलं. मुरुम शून्य.

चित्र गेलं.

७

"ताई, जीव गुदमरतोय की माझा," चांगुणा तिचा हात बाजूला करत म्हणाली. "काय झालं? कुणावर वरडत होताव एवढं?"

संघप्रियानं हातातल्या फोनकडं बघितलं. शेवटचा फोन रणधीरसरांचा होता, सकाळचा. तिचं काळीज धडधडत होतं, अंगावर काटा होता, आणि कशामुळं ते आठवत नव्हतं. रणधीरसरांशी भांडण झालं होतं, ते पक्कं आठवत होतं. त्यानंच डोकं उठलं असेल.

ती कपाटामागं वाकली. तळातली पिवळी वायर. चिठ्ठी होती, पण कोरी. या छपाईची अक्षरं उष्णतेनं उडतात, हे तिला माहीत होतं, आणि एसी तर कधीचा बंद. शेजारचे दोन्ही हिरवे दिवे लुकलुकत होते. काहीतरी जात होतं, काहीतरी येत होतं. तिनं खिशातला मार्कर काढला आणि टोपण दातांत धरलं. पलीकडच्या टोकाचं नाव तिला ठाऊक होतं. आत्ता, या क्षणापर्यंत ठाऊक होतं. जिभेवर होतं. गावाचं नाही, माणसाचं. तिनं मार्कर चिठ्ठीला टेकवला. शाईचा एक ठिपका उमटला, आणि तो मोठा होत गेला तरी तिचा हात पुढं सरकला नाही.

"ताई," मागून चांगुणा म्हणाली. तिनं फडकं सोडून डबा उघडला होता. "ह्यो डबा म्या कुणाला आणला?"

"मला असेल," संघप्रिया कशीबशी म्हणाली.

"तुमाला कुठला? तुमाला तिखट लागतंय. ह्यात नावाला बी तिखट न्हाय. आन् शेंगाची चटणी बिनलसणाची केलीया." ती डब्यात बघत राहिली. "लसूण कोण खात न्हाय ओ आपल्यात?"

चांगुणानं डब्याला झाकण लावलं, फडक्याची गाठ पुन्हा नीट मारली आणि दाराशी, रस्ता दिसेल अशी, भिंतीला टेकून बसली.

"बसते जरा," ती म्हणाली. "ज्याचा आसंल, त्यो येईलच की भूक लागल्यावर."